तिल्ली काढली तर माझ्या मुलाची प्रतिकारशक्ती संपेल का?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही ब्रह्मपुरी तालुक्यातले, थोडी धानाची शेती आहे. माझा मुलगा सात वर्षांचा, त्याला सिकलसेल आहे, रिपोर्टमध्ये एसएस लिहिलंय. मागच्या वर्षभरात दोनदा त्याचं पोट एकदम फुगलं, पांढराफटक पडला आणि रक्त लावावं लागलं, दुसऱ्यांदा तर एचबी म्हणजे हिमोग्लोबिन साडेतीनवर आलं होतं. आता नागपूरचे डॉक्टर म्हणतात तिल्ली काढून टाकू, अडीच-तीन महिन्यांनी तारीख देतो. घरी सगळे घाबरलेत. सासूबाई म्हणतात अवयव काढला की पोरगं कायमचं अधू होईल. शेजारच्या एकानं मोबाईलवर वाचून सांगितलं की तिल्ली काढली की प्रतिकारशक्ती संपते, साध्या सर्दीनंही मूल जातं. रात्र रात्र झोप नाही मला. ऑपरेशन करू की नको? आणखी दोन-चार वर्षं थांबलो तर चालेल का? केलं तर शाळेत पाठवायचं की घरीच ठेवायचं? गुळवेलीचा काढा सुरू केला तर शक्ती वाढेल का? घरी दोन वर्षांची धाकटी मुलगी आहे, ती पण जरा फिकट दिसते, सारखी सर्दी असते तिला, तिच्याकडून याला काही लागेल का?

उत्तर: ताई, आधी शेजाऱ्यांनी जे सांगितलं त्याबद्दल बोलते, कारण तुमची झोप त्यानंच उडालीय. प्रतिकारशक्ती संपते हे खरं नाही. कमी होते का, तर हो, पण एकाच बाजूनं, आणि ती बाजू कोणती हे नीट समजलं की कशाला जपायचं आणि कशाची काळजी सोडून द्यायची हे आपोआप कळतं. सर्दी, खोकला, साधा व्हायरल ताप, कांजिण्या, यांच्याशी लढणाऱ्या पेशी सगळ्या शरीरात पसरलेल्या असतात, रक्तात, हाडांच्या मगजात, गळ्यातल्या-काखेतल्या गाठींमध्ये, तिल्ली काढली म्हणून त्या कुठे जात नाहीत. तिल्ली नसलेलं मूल वर्गातल्या इतर पोरांपेक्षा जास्त वेळा सर्दीनं आजारी पडतं असं होत नाही आणि साध्या सर्दीनं तर ते मुळीच जात नाही.

मग धोका कशाचा, तर तिल्लीचं म्हणजे पानथरीचं एक खास काम आहे. ती डाव्या बाजूला बरगड्यांच्या आत असते आणि शरीरातलं रक्त तिच्या अगदी बारीक फटींमधून हळूहळू जात राहतं, त्यात म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी अडकतात आणि रक्तात शिरलेले जंतूही तिथेच पकडून खाल्ले जातात. आता काही जंतू असे असतात की त्यांच्या अंगावर साखरेच्या जातीच्या पदार्थाचं गुळगुळीत आवरण असतं, बाकीच्या पेशींना ते धरताच येत नाहीत. त्या आवरणाविरुद्धच्या पहिल्या अँटिबॉडीज झटपट बनवणाऱ्या पेशी मुख्यतः तिल्लीत राहतात. असे जंतू प्रामुख्याने तीन, न्यूमोकॉकस, हिब आणि मेनिंगोकॉकस, त्यातला न्यूमोकॉकस सगळ्यात जास्त त्रास देणारा. तिल्ली नसताना हा जंतू रक्तात शिरला तर त्याला अडवणारं पहिलं ठाणंच नसतं, तो तासातासाला वाढत जातो, सकाळी नुसता ताप आणि कणकण असलेलं मूल रात्रीपर्यंत रक्तदाब कोसळून शॉकमध्ये जाऊ शकतं. क्वचित होतं पण झालं तर उपचार करूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण वाचत नाहीत, हे मी लपवणार नाही. तुमच्या शेजाऱ्यांनी वाचलं ते बहुतेक हेच असणार, फक्त त्यात सर्दी कुठून आली देव जाणे.

डॉक्टरांना हे कळलं तेही लहान मुलांमुळेच. 1952 मध्ये अमेरिकेत किंग आणि शुमाकर या दोन सर्जननी पाच तान्ह्या बाळांची हकिकत छापली, रक्ताच्या एका आनुवंशिक आजारासाठी त्यांची तिल्ली काढली होती आणि पुढे त्यांच्यात फार गंभीर इन्फेक्शनं दिसली. तोपर्यंत तिल्ली म्हणजे असली काय नसली काय असाच समज होता. नंतर 1991 मध्ये ब्रिटनमधल्या सर्जननी 1952 ते 1987 या काळातले रिपोर्ट एकत्र करून पाहिले, तर तिल्ली काढलेल्या 16 वर्षांखालच्या मुलांमध्ये असं गंभीर इन्फेक्शन 4.4 टक्क्यांना झालेलं आणि मृत्यू 2.2 टक्के. आकडा वाचून पोटात गोळा येईल, पण यातला बराचसा काळ असा आहे की तेव्हा आजच्यासारख्या लसी नव्हत्या, रोजचं पेनिसिलिन नव्हतं आणि ताप आला की धावायचं हे घरच्यांना कुणी समजावूनही सांगत नव्हतं.

आता माझं मुख्य म्हणणं, आणि हे घरी सगळ्यांना वाचून दाखवा. तुमच्या मुलाची तिल्ली मोठी झालीय म्हणजे ती जास्त काम करतेय असं नाही, बहुतेक ती काम करतच नसणार. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी तिच्या बारीक फटींमध्ये अडकून अडकून ती आतून तुंबून जाते. आफ्रिकन वंशाच्या एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडून सिकलसेल आलेल्या, मुलांमध्ये ती साधारण पाचव्या वर्षापर्यंत सुकून बोराएवढी होते. आपल्या मध्य भारतातल्या बऱ्याच मुलांमध्ये जन्माच्या वेळचं हिमोग्लोबिन, ज्याला रिपोर्टमध्ये एचबीएफ लिहितात, ते जास्त टिकून राहतं, त्यामुळे तिल्ली लवकर सुकत नाही, उलट मोठी होऊन बसते, म्हणून तर विदर्भातल्या सिकलसेलच्या पोरांच्या पोटावर हात ठेवला की ती सातव्या-आठव्या वर्षीही हाताला लागते. पण जंतू पकडायचं काम बऱ्याचदा दोन्हीकडच्या मुलांमध्ये बंद पडलेलं असतं. लॅबला सांगून रक्ताची स्लाईड बघून घ्या, त्यात हॉवेल-जॉली बॉडीज दिसतात का विचारा. लाल पेशींमधले ते बारीक ठिपके तिल्ली काढून टाकत असते, ते रक्तात फिरताना दिसले म्हणजे तिचं काम थांबलंय.

म्हणजे ज्या इन्फेक्शनची भीती तुम्हाला ऑपरेशननंतर वाटतेय ती जोखीम तुमच्या मुलाला बहुतेक आजही आहे, गेली काही वर्षं आहे, कुणी सांगितलं नाही एवढंच. तेव्हा लसी, पेनिसिलिन आणि तापाचे नियम ऑपरेशनची वाट बघत थांबवायचे नाहीत, हे सगळं आजपासून सुरू करायचं आहे.

ऑपरेशननं जातो तो दुसरा धोका. दोनदा पोट फुगलं ना, त्याला आम्ही सिक्वेस्ट्रेशन म्हणतो, शरीरातलं रक्त एकाएकी तिल्लीत जाऊन साचतं, ती काही तासांत टम्म होते आणि बाकी अंगात रक्तच कमी पडतं. साडेतीन एचबीवर तुमचं लेकरू वाचलं कारण तुम्ही वेळेत पोचलात आणि रक्त मिळालं. एकदा झालं की ते पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, तुमच्याकडे तर दोनदा झालंच आहे, आणि पुढच्या वेळी पावसाळ्यात रात्री दोन वाजता झालं आणि रक्तपेढीत त्याच्या ग्रुपची पिशवी नसली तर काय, हा विचार तुमच्या डॉक्टरांनी केलाय आणि तो बरोबर आहे. तिल्लीच नसेल तर हा प्रकार पुन्हा होत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, ऑपरेशन करा.

थांबण्याबद्दल विचारलंत. मूल अगदी लहान असतं तर मीही थांबा म्हटलं असतं, कारण दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं शरीर त्या आवरणवाल्या जंतूंना नीट ओळखतच नाही, त्यामुळे शक्यतो पाच वर्षांपर्यंत आम्ही तिल्ली काढणं टाळतो, अगदीच वेळ आली तर नियमित रक्त लावून वर्ष-दोन वर्षं ढकलतो. पण तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे, ते वय उलटून गेलंय, आणखी थांबून प्रतिकारशक्तीच्या बाजूनं काहीच पदरात पडणार नाही, मध्ये तिसरा झटका येण्याची भीती मात्र राहील. थोडी तिल्ली ठेवून बाकी काढायची पद्धतही आहे, ती जास्त करून स्फेरोसायटोसिस नावाच्या आजारात उपयोगी पडते, सिकलसेलमध्ये राहिलेला तुकडाही पुढे तुंबायची शक्यता असते, तरी तुमच्या सर्जनना विचारायला काही हरकत नाही.

सासूबाईंना सांगा पोरगं अधू होणार नाही, हातपाय, डोकं, उंची, पुढे लग्न-मुलंबाळं, यातल्या कशातच तिल्ली नसल्यामुळे अडत नाही. फक्त एक अपेक्षा ठेवू नका, की ऑपरेशननं सिकलसेल जाईल. हाडं दुखायचे क्रायसिस येऊ शकतात, सिकलसेलच्या गोळ्या, म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू असेल तर तसंच चालू ठेवायचं. कित्येक घरांत ऑपरेशन झालं, पोरगं बरं झालं म्हणून गोळ्या बंद केलेल्या मी बघते आणि मग दोन महिन्यांत ते दुखणं घेऊन परत येतं, तसं होऊ देऊ नका.

आता लसी, इथे जरा सविस्तर सांगते कारण तारीख त्यावर ठरवायला हवी. लस ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी पूर्ण व्हायला पाहिजे, म्हणजे शरीराला तयारीला वेळ मिळतो. मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढा आणि त्यावर पीसीव्ही लिहिलंय का बघा, ती न्यूमोकॉकसची लस. सरकारी कार्यक्रमात ती 2017 पासून काही राज्यांत सुरू झाली आणि देशभर 2021 मध्ये पोचली, म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाची पोरं बहुतेक तिच्यातून सुटलेली आहेत. ती याच आठवड्यात द्या. तिच्यानंतर कमीत कमी आठ आठवड्यांनी न्यूमोकॉकसचीच दुसरी लस द्यायची, 23 प्रकारांवर चालणारी, आणि तिचा आणखी एक डोस पाच वर्षांनी. हिब ही लस लहानपणीच्या पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीत, असते, तीन डोस झालेत का कार्डावर बघा, नसतील किंवा कार्डच हरवलं असेल तर एक डोस देऊन टाकतात. मेनिंगोकॉकसच्या लसीचे दोन डोस आठ आठवड्यांच्या अंतरानं, आणि तिचा एक प्रकार पीसीव्हीनंतर चार आठवडे गेल्यावरच द्यावा लागतो नाहीतर पीसीव्हीचा असर कमी होतो, म्हणून सगळ्या लसी एकाच दिवशी उरकून टाका असं कुणी म्हणालं तर आधी मुलांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. शिवाय फ्लूची दरवर्षी, आणि टायफॉईडची कॉन्जुगेट लस, कारण सिकलसेलच्या मुलांना साल्मोनेला जातीच्या जंतूंची हाडांपर्यंत जाणारी इन्फेक्शनं जास्त होतात. हिशोब केलात तर अडीच-तीन महिने यातच जातात, म्हणजे तुमची तारीख अगदी बरोबर बसतेय, फक्त सुरुवात आजच व्हायला हवी. एखादा डोस राहिलाच आणि ऑपरेशन पुढे ढकलता येत नसेल तर राहिलेला डोस ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी देतात, त्यासाठी ऑपरेशन रद्द करायचं नसतं.

खासगीत यातल्या काही लसी महाग पडतात. जिल्हा रुग्णालयात सिकलसेलचा विभाग असतो तिथे आणि नागपूरला जिथे ऑपरेशन आहे तिथल्या मुलांच्या विभागात कुठल्या लसी मिळतील ते आधी विचारा. ऑपरेशनच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं बसतं का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जाऊन विचारा, दाखल व्हायच्या दिवशी नाही, आधीच.

लसी घेतल्या म्हणजे झालं असंही नाही. न्यूमोकॉकसचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत, लशीत त्यातले थोडे येतात, म्हणून रोजचं पेनिसिलिन. 1986 मध्ये अमेरिकेत सिकलसेलच्या तीन वर्षांखालच्या मुलांवर अभ्यास झाला, रोज दोन वेळा पेनिसिलिन घेणाऱ्या मुलांमध्ये न्यूमोकॉकसचं गंभीर इन्फेक्शन 84 टक्क्यांनी कमी झालं, फरक इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवून सगळ्यांनाच औषध सुरू केलं. तुमच्या मुलाच्या वयाला साधारणपणे 250 मिलीग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ असते, पण सुरू करायची ती तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच, आणि पूर्वी पेनिसिलिननं अंगावर पुरळ-सूज आली असेल तर ते आवर्जून सांगायचं, मग दुसरं औषध देतात. अडचण ही की तालुक्याच्या मेडिकलमध्ये ही गोळी नेहमी नसते. दुकानदाराला आधी सांगून महिन्याचा साठा मागवून ठेवा, नाही मिळाली तर डॉक्टर अमॉक्सिसिलिन देतात, काही जण तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, काहीही चालेल पण खंड नको. माझ्याकडे येणारी एक आई शाळेची चौकट वही घेऊन येते, प्रत्येक दिवसाला दोन चौकोन, सकाळचा मुलगा स्वतः पेन्सिलीनं भरतो, संध्याकाळचा त्याची आजी, आणि एखादा चौकोन रिकामा राहिला तर वही उघडल्या उघडल्या दिसतं, मला ती वही कुठल्याही ॲपपेक्षा जास्त भरवशाची वाटते. गोळी किती वर्षं हे विचाराल, तर ऑपरेशननंतरची पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात जोखमीची, आणि एकदा का ऑपरेशननं तिल्ली काढली की बरेच डॉक्टर मोठं होईपर्यंत चालू ठेवा म्हणतात, मीही त्यांच्यातलीच, धोका कमी होतो पण जन्मभर पूर्ण जात नाही.

आता ताप, आणि या पत्रातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं विसरू नका. घरात काचेचा नाही, डिजिटल थर्मामीटर घ्या. 101 फॅरेनहाइट किंवा वर गेला की तो ताप साधा समजायचा नाही, वेळ रात्रीची असो, घरी लग्न असो, रोवणी चालू असो, निघायचं. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरला म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही, कारण त्यानं ताप उतरतो, रक्तातले जंतू मरत नाहीत. ताप 101 च्या खाली असला तरी मूल सुस्त पडलंय, थंडी वाजून थरथरतंय, उलट्या होतायत, हातपाय गार पडलेत, अंगावर जांभळे ठिपके आलेत, तरी निघायचं. डॉक्टरांना सांगून तोंडानं द्यायच्या अँटिबायोटिकचा एक जास्तीचा डोस घरी ठेवा, वजनाप्रमाणे किती द्यायचा ते बाटलीवर लिहून घ्या, तो डोस देऊनच घराबाहेर पडायचं, विशेषतः जिथून हॉस्पिटलला पोचायला तास-दोन तास लागतात तिथल्या लोकांनी. गाडी नसेल तर 108. आणि थेट नागपूर गाठायचा हट्ट नको, आधी तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये जाऊन सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन घ्यायचं, सोय असेल तर त्याआधी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातला जंतू ओळखायच्या तपासणीसाठी, रक्त घेतील, नसेल तर इंजेक्शन त्यासाठी थांबवायचं नाही, पुढचा प्रवास इंजेक्शननंतर.

कित्येकदा होतं असं की रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना हे मूल बाकी तापाच्या मुलांसारखंच दिसतं, खेळतंय, बोलतंय, मग ते सिरप देऊन घरी पाठवतात. त्यांना दोष देण्यापेक्षा तुमच्या हातात कागद पाहिजे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून सही-शिक्क्यानिशी घ्या, की या मुलाची प्लीहा म्हणजे तिल्ली काढलेली आहे, त्याला सिकलसेल आहे, 101 वर ताप म्हणजे इमर्जन्सी, तपासणीच्या रिपोर्टची वाट न पाहता ताबडतोब सेफ्ट्रायॅक्सोन द्यावं. लॅमिनेट करा, एक दप्तरात, एक घरी, आणि फोटो तुमच्या, बाबांच्या आणि वर्गशिक्षकांच्या मोबाईलमध्ये. बोलताना संकोच करू नका, आवाज चढला तरी चालेल.

ऑपरेशनची तारीख येईपर्यंत अडीच-तीन महिने तिल्ली आहे आणि ती पुन्हा तुंबू शकते, तेव्हा ती हातानं बघायला शिका. जमैकात 1970 नंतरच्या काळात आयांना हेच शिकवलं आणि सिक्वेस्ट्रेशननं होणारे मृत्यू खूप कमी झाले, त्या काही शिकलेल्या डॉक्टर-नर्स नव्हत्या. मुलाला उताणं झोपवा, गुडघे वर घ्यायला सांगा म्हणजे पोट सैल पडतं, तुमची उजव्या हाताची बोटं बेंबीच्या बाजूनं डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकवत न्या आणि त्याला खोल श्वास घ्यायला लावा, श्वास घेताना कडक कड बोटांना येऊन टेकते. बरगडीपासून ती किती बोटं खाली आहे हे रोज आंघोळीच्या वेळी बघा, पहिल्यांदा नर्सताईंकडून किंवा डॉक्टरांकडून समोर करून घ्या. रोज दोन बोटं लागते आणि आज चार लागतेय, मूल फिकट पडलंय, धाप लागतेय, तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, ते सर्जन समजावतील. जमलं तर दुर्बिणीतून करतात, तिल्ली फारच मोठी असेल तर चीर द्यावी लागते. त्याआधी रक्त लावून एचबी दहाच्या आसपास आणतात, ते जास्तीचं काही नाही, सिकलसेलच्या मुलांना भूल देताना ते लागतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आहेत का ते आधी बघून घ्यायला सांगा, असतील तर एकाच भुलीत दोन्ही कामं होतात. ऑपरेशननंतर पोट दुखतं म्हणून मूल खोल श्वास घेत नाही आणि मग छाती भरते, म्हणून ते बॉल वर उचलायचं फुंकणीचं यंत्र देतात ते जागेपणी तासातासाला करून घ्या, दुखणं कमी करायचं औषध मागून घ्या. पुढचे काही आठवडे प्लेटलेट्स खूप वाढलेल्या दिसतील, बहुतेक वेळा त्या आपोआप खाली येतात, पण घरी गेल्यावर पोटात जोरात दुखायला लागलं, ताप-उलट्या झाल्या, तर परत दाखवा, क्वचित लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी होते.

शाळा? पाठवा ना, जरूर पाठवा! घरी कोंडून ठेवून या जंतूंपासून काही वाचणार नाही, ते तर निरोगी माणसांच्या नाका-घशातही असतात. जखम भरेपर्यंत साधारण महिनाभर उड्या-कुस्ती नको, नंतर खेळू दे, आता उलट मोठी तिल्ली फुटायची भीतीही नाही. शिक्षकांना भेटून एवढंच सांगा की ताप आला तर वर्गात झोपवून ठेवू नका, मला फोन करा.

तुमच्या भागासाठी मलेरियाचं वेगळं सांगते, वैनगंगा ओलांडली की गडचिरोली आणि तिथला फाल्सिपेरम मलेरिया आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिल्ली नसलेल्या माणसाला मलेरिया फार जोरात होतो, म्हणून मच्छरदाणी बारा महिने, पाहुणे म्हणून गेलात तरी सोबत न्यायची, आणि प्रत्येक तापात बाकी इंजेक्शनाबरोबर मलेरियाची तपासणीही मागायची. दुसरं म्हणजे कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तर रेबीजचं आहेच, पण शिवाय अँटिबायोटिकही लागतं, कारण कुत्र्याच्या तोंडातला एक जंतू तिल्ली नसलेल्यांच्या रक्तात फार लवकर पसरतो, हे डॉक्टरांना तुम्ही आठवण करून द्या.

गुळवेलीचा काढा देऊ नका, ताई. मनापासून देता हे कळतं, पण ज्या एका जागी याची शक्ती कमी पडते ती कुठल्याही काढ्यानं, पावडरनं, टॉनिकनं भरून निघत नाही, आणि 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचा काढा घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची नोंद छापलेली आहे. सिकलसेलच्या मुलाच्या लिव्हरवर आधीच ताण असतो. तोच पैसा अंडी, डाळ, हिरवी भाजी आणि भरपूर पाण्यावर जाऊ दे, अंडं मात्र पूर्ण उकडलेलं.

राहिली तुमची धाकटी. तिच्या सर्दीची भीती बाळगून दोघांना वेगळं झोपवू नका. न्यूमोकॉकस लहान मुलांच्या नाकात राहतो हे खरं, पण दोन वर्षांची आहे म्हणजे तिला पीसीव्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली असणार, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, तीन डोस झालेत का बघा, तिचे डोस पूर्ण असतील तर तिच्या नाकात तो जंतू कमी राहतो आणि भावालाही त्याचा फायदा होतो.

पण मला तिच्याबद्दल दुसरीच काळजी वाटतेय. ती फिकट दिसते असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी सिकलसेलचा एक जीन बाळगणारे असतील, तर प्रत्येक बाळाला एसएस असण्याची शक्यता चारात एक असते, भावाला आहे म्हणून तिला नसेल असं काही नसतं. तिची तपासणी झाल्याचा उल्लेख पत्रात नाही. नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर थांबू नका, तिच्यात वाहक आणि एसएस वेगळे कळत नाहीत, ते सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करून घ्या, सरकारी सिकलसेल कार्यक्रमात ही सोय आहे. ती एसएस निघाली तर तिला पेनिसिलिन आत्तापासून लागेल, एरवी ते तिसऱ्या महिन्याच्या आतच सुरू करतात, आणि तिच्याही पोटावर तुम्हाला रोज हात ठेवावा लागेल. याच आठवड्यात मुलाच्या लशीला जाल तेव्हा तिलाही घेऊन जा, उपाशी न्यायची गरज नाही, मुलाचा जुना रिपोर्ट सोबत ठेवा, आणि तिच्या तपासणीचा कागद आला की मला पुन्हा लिहा.